विश्लेषण : परदेशी तणावर परदेशी भुंगा... गाजरगवत, जलपर्णी रोखण्यात कीटक किती उपयोगी?

पावसाळा सुरू झाला की बांध, रस्त्यांच्या कडा, मोकळे भूखंड आणि शाळांची मैदाने गाजरगवताने पांढरी होतात. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर ‘गाजरगवत जागृती सप्ताह’ही पाळला जातो. उपटणे, जाळणे, तणनाशक फवारणे हे उपाय होतात आणि पुढच्या पावसात गवत पुन्हा उभे राहते. या तणाला खाणारा मेक्सिकन भुंगा भारतात सोडून चार दशके झाली. तरीही गवत हटलेले नाही. मग हा उपाय फसला म्हणायचे का? की त्याच्याकडून अपेक्षाच चुकीची केली गेली?

गाजरगवत एवढे त्रासदायक का?

काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनी ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची मेक्सिको, कॅरिबियन बेटे आणि त्या परिसरातील. तिचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. भारतात ती ठळकपणे नोंदली गेली ती १९५५ मध्ये पुण्यात. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर, म्हणजे ‘पीएल-४८०’ योजनेतील धान्याबरोबर, ती आली असा समज रूढ आहे. मात्र अमेरिकेबरोबरचा तो करार ऑगस्ट १९५६ मधला आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या वनस्पती-नोंदींतही तिचा उल्लेख सापडतो. त्यामुळे गव्हाच्या पोत्यांनी तिचा प्रसार वाढवला असेल, पण पहिले आगमन त्यांच्यातूनच झाले, असे ठामपणे म्हणता येत नाही.

तिचे बळ बियांत आहे. मोठ्या वाढलेल्या एका झाडावर १५ हजार किंवा त्याहून अधिक बिया धरतात. त्या वारा, पाणी, जनावरे, वाहनांची चाके, शेणखत यांच्याबरोबर पसरतात आणि जमिनीत काही वर्षे जिवंत राहतात. ओल मिळाली की वर्षातील कोणत्याही महिन्यात त्या उगवतात. झाडातील पार्थेनिन हे रसायन शेजारच्या रोपांची वाढ रोखते. माणसाच्या त्वचेवर ते पुरळ, खाज, चट्टे निर्माण करते. परागकणांमुळे सर्दी आणि दम्याचा त्रास बळावतो. हे गवत जनावरांनी खाल्ले तर दुधाला कडवटपणा येतो. खुरपणीला जाणाऱ्या शेतमजूर महिलांना याचा सर्वाधिक त्रास होतो, कारण त्यांना ते उघड्या हातांनी उपटावे लागते.

कीटकांनी तण रोखण्यामागचे तत्त्व काय?

एखादी वनस्पती तिच्या मूळ प्रदेशात सहसा बेसुमार वाढत नाही. तिथे तिची पाने खाणारे, खोड पोखरणारे, बिया फस्त करणारे कीटक आणि बुरशी हजारो वर्षांपासून तिच्याबरोबर असतात. ती दुसऱ्या खंडात पोहोचते, पण तिचे शत्रू मागेच राहतात. त्यामुळे नव्या प्रदेशात तिला मोकळे रान मिळते. हे शत्रू शोधून, तपासून नव्या प्रदेशात आणून सोडणे याला जैविक नियंत्रण म्हणतात.

तण समूळ नष्ट करणे हे या पद्धतीचे उद्दिष्टच नसते. तण संपले तर त्यावर जगणारा कीटकही उपाशी मरेल. तणाचे प्रमाण इतके खाली आणायचे की ते उपद्रवी राहू नये, आणि मग कीटक व तण यांचा समतोल आपोआप टिकावा, अशी अपेक्षा असते. जैविक नियंत्रणाबद्दलचे बरेचसे गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

ही कल्पना किती जुनी आहे?

या इतिहासाची सुरुवात भारतातच झाली, आणि तीही चुकून. लाल रंग देणारा कोचिनियल कीटक मिळवण्याच्या प्रयत्नात १७९५ मध्ये ब्राझीलमधून एक कीटक भारतात आणला गेला. तो रंगासाठीचा नव्हताच, त्याच्या जवळचा भाऊबंद निघाला. रंगाच्या धंद्यासाठी तो कुचकामी ठरला, पण त्याने निवडुंगाच्या एका परदेशी जातीचा फडशा पाडला. ते पाहून एकोणिसाव्या शतकात तो दक्षिण भारतात आणि पुढे श्रीलंकेत मुद्दाम नेण्यात आला. १९२६ मध्ये आणखी एक कोचिनियल जात श्रीलंकेतून भारतात आली आणि फड्या निवडुंगाची रानेच्या राने वाळून गेली.

जगभर गाजले ते ऑस्ट्रेलियाचे उदाहरण. तिथे निवडुंगाने सुमारे सहा कोटी एकर जमीन व्यापली होती. शेतकरी गावे सोडून जात होते. १९२५ मध्ये अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली गेली. त्याच्या अळ्यांनी अवघ्या काही वर्षांत निवडुंग आतून पोखरून आडवा केला. क्वीन्सलँडमधील बूनार्गा या गावी लोकांनी आपल्या सभागृहाला या पतंगाचे नाव दिले. ते आजही उभे आहे.

मेक्सिकन भुंगा भारतात कसा आला?

गाजरगवताच्या शत्रूंचा शोध त्याच्या मूळ घरी, मेक्सिकोत घेण्यात आला. झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा १९८३ मध्ये बेंगळूरुला आणला गेला. विलगीकरण प्रयोगशाळेत त्याच्यापुढे अनेक पिके आणि वनस्पती ठेवून तो काय खातो, कशावर अंडी घालतो, कशावर त्याची पिढी पूर्ण होते हे तपासण्यात आले. त्यानंतर १९८४ मध्ये तो बेंगळूरु परिसरात मोकळा सोडण्यात आला. या कामात भारतीय बागवानी संशोधन संस्थेची भूमिका महत्त्वाची होती.

सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा, फिकट रंगावर गडद तपकिरी पट्टे असलेला हा भुंगा ओळखायला सोपा आहे. मादी पानांवर अंडी घालते. अळ्या आधी कोवळे शेंडे आणि कळ्या खातात, मग पानांकडे वळतात. पूर्ण वाढलेली अळी जमिनीत शिरून कोषात जाते. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचे चक्र साधारण महिनाभरात पूर्ण होते. पावसाळ्यात अशा अनेक पिढ्या होतात आणि संख्या पुरेशी वाढली की गाजरगवताची फक्त खोडे उरतात. थंडी सुरू झाली की प्रौढ भुंगे जमिनीत सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसाबरोबर बाहेर पडतात.

भुंगा स्वतःच पसरत गेला. देशाच्या अनेक भागांत तो आता स्थिरावला आहे आणि शेजारच्या पाकिस्तान व नेपाळमध्येही पोहोचला आहे. महाराष्ट्रात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्था शेतकऱ्यांना हे भुंगे उपलब्ध करून देत आल्या आहेत. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयही त्यांचा प्रसार करते.

सूर्यफुलाचा वाद नेमका काय होता?

भुंगा सोडल्यानंतर काही वर्षांतच बेंगळूरु परिसरातील शेतांत तो सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसला आणि खळबळ उडाली. सूर्यफूल तेव्हा कर्नाटक आणि महाराष्ट्रातील महत्त्वाचे तेलबिया पीक होते. सोलापूर, लातूर, तेव्हाचा उस्मानाबाद या कोरडवाहू पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही साधी बाब नव्हती. शंकेला आधारही होता. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच वनस्पतिकुळातील आहेत. या भुंग्याचीच एक चुलत जात उत्तर अमेरिकेत सूर्यफुलावरील कीड म्हणून कुप्रसिद्ध आहे. सरकारला या प्रकरणी तज्ज्ञ समिती नेमावी लागली.

या वादाचा उलगडा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून झाला. गाजरगवत दाट असेल तर त्याचे परागकण वाऱ्याने शेजारच्या सूर्यफुलाच्या पानांवर बसतात. त्या परागकणांतील रसायनाच्या ओढीने भुंगा पानाला चावा घेतो. परागकण नसलेल्या सूर्यफुलाकडे तो सहसा फिरकत नाही. सूर्यफुलावर त्याची टिकाऊ प्रजा वाढत असल्याचेही दिसले नाही. त्यामुळे हे पीक त्याचे कायमचे भक्ष्य होईल ही भीती खरी ठरली नाही.

तरीही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. पाने खरोखरच कुरतडली गेली होती. प्रयोगशाळेत भुंग्यासमोर सूर्यफुलाची स्वच्छ पाने ठेवली गेली होती. शिवारातील पानांवर मात्र शेजारच्या तणाचा पराग होता. चाचणीत झाड होते, शिवार नव्हते. कीटक सोडण्याआधीच्या चाचण्या प्रत्यक्ष शेताच्या परिस्थितीच्या जितक्या जवळ नेता येतील तितक्या न्याव्यात, हा धडा या वादाने दिला.

कारळ्यामुळे अडलेला पतंग कोणता?

एक भुंगा पुरेसा नाही, हे ऑस्ट्रेलियाने लवकर ओळखले. तिथे गाजरगवताविरुद्ध पाने खाणारा, खोडात गाठी करणारा, बिया पोखरणारा, मुळाशी जाणारा अशा वेगवेगळ्या कीटकांची आणि तांबेरा बुरशीची फौज उभी करण्यात आली. त्यांतील एपिब्लेमा हा खोडात गाठी करणारा पतंग विशेष उपयोगी ठरला. तो भारतातही आणला गेला होता. पण विलगीकरणातील चाचण्यांत तो कारळ्यावरही आपले जीवनचक्र पूर्ण करतो असे आढळले आणि त्याला मोकळे सोडण्याचा विचार रद्द झाला.

ऑस्ट्रेलियात कारळे हे महत्त्वाचे पीक नाही. भारतात ते आदिवासी पट्ट्यातील, डोंगरउतारावरील गरीब शेतकऱ्याचे तेलबिया पीक आहे. महाराष्ट्रात कारळ्याची चटणी घरोघरी होते. एका देशात निर्धोक ठरलेला कीटक दुसऱ्या देशात पिकाचा शत्रू ठरू शकतो, म्हणून ‘तिकडे चालले, मग इकडे का नको’ हा युक्तिवाद या क्षेत्रात टिकत नाही. नकार देणारी चाचणीसुद्धा यशस्वीच मानावी लागते.

मग गाजरगवत संपले का नाही?

पहिले कारण वेळापत्रकाचे. गाजरगवत पहिल्या सरीबरोबर उगवते. भुंग्यांची संख्या मात्र ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पुरेशी होते. तोवर अनेक झाडे फुलावर आलेली असतात आणि काहींच्या बिया गळलेल्या असतात. थंडीत आणि उन्हाळ्यात भुंगा झोपलेला असतो, पण कालव्याच्या, उसाच्या आणि सांडपाण्याच्या ओलीवर गाजरगवत वाढतच राहते.

दुसरे कारण हवामानाचे. भुंग्याला पुरेसा पाऊस आणि दमट हवा लागते. अवर्षणप्रवण भागात त्याची संख्या वाढत नाही. पावसाने मध्येच ओढ दिली तर पिढी वाया जाते.

तिसरे कारण माणसाच्या हस्तक्षेपाचे. भुंगे ऐन भरात असताना त्याच जागी तणनाशक फवारले, गवत कापले किंवा जाळले की अळ्याही मरतात. नांगरटीने जमिनीतील कोष नष्ट होतात. त्यामुळे पीक उभे असलेल्या शेतात हा उपाय फारसा चालत नाही. पडीक जमीन, गायरान, रेल्वेमार्ग आणि रस्त्यांच्या कडा ही त्याची खरी कार्यक्षेत्रे आहेत. नेमक्या याच जागांची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट नसते.

चौथे कारण आर्थिक आहे. एकदा स्थिरावलेला भुंगा फुकट काम करतो. तो दरवर्षी विकत घ्यावा लागत नाही. म्हणूनच त्यात कोणत्याही कंपनीला नफा दिसत नाही. शोध, चाचण्या, पैदास, वाटप आणि नंतरची पाहणी हे सारे सरकारी संस्थांनाच करावे लागते. फवारणीचा किंवा यंत्राने तण काढण्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात बसतो आणि काम लगेच दिसते. भुंग्याचे काम दिसायला काही पावसाळे जावे लागतात.

जलपर्णीवर हा उपाय का अडखळतो?

महाराष्ट्रातील नद्यांवर दरवर्षी हाच प्रश्न दुसऱ्या रूपात दिसतो. पुणे परिसरातील मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी आणि कोल्हापूरची पंचगंगा जलपर्णीने हिरव्यागार होतात. दक्षिण अमेरिकेतून शोभेचे रोप म्हणून आलेल्या या तणावर निओकेटिना जातीचे दोन सोंडे भुंगे १९८०च्या दशकात बेंगळूरुजवळ सोडण्यात आले. मणिपूरमधील लोकटक सरोवरात त्यांचा चांगला परिणाम दिसला. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ नंतर हेच भुंगे सोडण्यात आले आणि काही वर्षांत जलपर्णीचे प्रमाण झपाट्याने घटले. त्यात १९९७-९८ च्या एल निनो काळातील वादळी हवामानाचाही वाटा होता, असा युक्तिवाद काही अभ्यासक करतात.

महाराष्ट्रातील शहरी नद्यांची अडचण वेगळी आहे. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद जलपर्णीला एवढे खाद्य देतात की भुंग्यांनी कुरतडलेल्या पानांपेक्षा नवी पाने लवकर फुटतात. अनुकूल पाण्यात जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. भुंग्यांची फौज जमायला मात्र अनेक महिने लागतात. त्यातच उन्हाळ्यात यंत्राने जलपर्णी काढली जाते आणि पावसाळ्यात पूर तिला वाहून नेतो. दोन्ही वेळा भुंगेही जातात. सांडपाण्यावर प्रक्रिया न करता नदीत भुंगे सोडणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे.

याउलट साल्व्हिनिया या तरंगत्या तणाची कहाणी जैविक नियंत्रणातील सर्वांत मोठ्या यशांपैकी मानली जाते. सुरुवातीला तणाची जात चुकीची ओळखली गेली आणि त्यामुळे भलतेच कीटक वापरले गेले. खरी जात आणि तिचे दक्षिण-पूर्व ब्राझीलमधील मूळ घर सापडल्यावर योग्य सोंडे भुंगा मिळाला. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूंडारा तलावात तो सोडला गेला आणि सुमारे वर्षभरात तेथील तण जवळपास नाहीसे झाले. केरळच्या जलमार्गांतही तो यशस्वी झाला. अलीकडे मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, विदर्भाच्या सीमेपलीकडे, सारणीच्या सातपुडा जलाशयात याच भुंग्याने साल्व्हिनिया आटोक्यात आणले. हा बंदिस्त जलाशय होता आणि कीटकाला पुरेसा वेळ दिला गेला.

यात धोके नाहीत का?

आहेत, आणि ते परतवता येत नाहीत हीच खरी काळजी आहे. तणनाशकाची फवारणी थांबवता येते. सोडलेला कीटक मात्र परत बोलावता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा तारणहार ठरलेला कॅक्टोब्लास्टिस पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडण्यात आला. तिथून तो १९८९ मध्ये फ्लोरिडात पोहोचला आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी असलेल्या निवडुंगांवर तुटून पडला. २००६ मध्ये तो मेक्सिकोच्या एका बेटावर सापडला तेव्हा तिथले सरकार हादरले, कारण निवडुंग हे मेक्सिकोचे अन्न आणि पीक आहे. तिथे तातडीची मोहीम राबवून त्याला हटवावे लागले. जिथे निवडुंग परका होता तिथे पतंग वरदान ठरला. जिथे निवडुंग घरचा होता तिथे तोच संकट झाला.

म्हणूनच आता कीटक आयातीचे नियम कडक आहेत. भारतात वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ नुसार परवानगी, बंदिस्त प्रयोगशाळेतील चाचण्या आणि जवळच्या नात्यातील पिकांवर व वन्य वनस्पतींवर तपासणी बंधनकारक आहे. पण काहीच न करणे हाही बिनधोक पर्याय नाही. जैवविविधतेवरील आंतरसरकारी व्यासपीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार आक्रमक परकीय प्रजातींमुळे जगाला २०१९ मध्ये वर्षाला ४२३ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान सोसावे लागले. तणनाशकांचा मार्गही अरुंद होत आहे. आरोग्याच्या काळजीपोटी ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून मर्यादा आणली.

पुढे काय करता येईल?

भुंगा एकट्याने गाजरगवत हटवेल ही अपेक्षा सोडली, तर त्याचा उपयोग नेमका दिसू लागतो. शेतात आणि वस्तीत गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे. पडीक जागी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच भुंगे सोडणे आणि ते काम करत असताना तिथे फवारणी, कापणी, जाळणे टाळणे. मोकळ्या जागेवर टाकळ्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतीचे बी फेकून गाजरगवताला जागाच न देणे. उपटलेल्या, पण फुले न आलेल्या गवताचे खत करणे. हे उपाय एकत्र आले तरच जमिनीतील बियांचा साठा वर्षागणिक घटत जातो.

यासाठी ग्रामपंचायत, रस्ते विभाग, रेल्वे आणि कृषी खाते यांना एकाच वेळापत्रकावर यावे लागेल. आज एक खाते भुंगे सोडते आणि दुसरे त्याच कडेला फवारणी करते, असे होऊ शकते. कोणत्या तालुक्यात भुंगे टिकले, कुठे नाही, याची सलग पाहणीही गरजेची आहे. त्याशिवाय नव्या जोडीदार कीटकाची गरज कुठे आहे हे कळणार नाही. ऑगस्टमधला सप्ताह जागृतीसाठी ठीक आहे, पण तोवर बहुतेक गवत फुलावर आलेले असते. भुंग्याला आणि माणसालाही कामाची खरी वेळ जूनमध्येच सुरू होते.